अनुक्रमांक एक्केचाळीस

तुळजाबाईविषयी लिहायचं तर आधी माझी चूक कबूल करावी लागते, आणि ती सवय मला नोकरीत कधी लागली नाही. पण आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. माझ्याकडून खुलासा मागवणारं कुणी उरलेलं नाही, म्हणून सांगतो.

मी चौसाळ्याचा. मॅट्रिक झालो, टायपिंगची परीक्षा दोनदा दिली आणि त्र्याहत्तरच्या संक्रांतीला धारूरच्या अलीकडं, घाटाच्या पोटात निघालेल्या दगडखाण मजूर सहकारी संस्थेचा सेक्रेटरी झालो. संस्था म्हणजे काय, तर एक खाण, एक कडुलिंब, पत्र्याची एक खोली आणि एक्केचाळीस सभासद. दुष्काळ असा की शेतात कुसळ उगवलं नव्हतं. दुष्काळी रस्त्याला खडी लागत होती. ती ठेकेदारानं कशाला द्यायची, आपणच संस्था काढून देऊ, असं विठ्ठलरावांच्या मनात आलं आणि ते चेअरमन झाले. विठ्ठलराव तीस एकराचे धनी. पण त्या साली तीस एकर आणि तीन एकर सारखेच दिसत होते, त्यामुळं माणूस बराच नरमला होता.

पिण्याच्या पाण्याचे डेरे खाणीवर सुरुवातीला दोन होते. एक गावाचा, एक बौद्ध वस्तीतल्या लोकांचा. सुरुंग लावणारा बन्सी आणि त्याच्या भावकीतली आठ-नऊ माणसं त्या दुसऱ्या डेऱ्यातलं पाणी प्यायची. पुढं टँकर दोन दिवसांआड यायला लागला आणि नेमका गावाचा डेरा तडकला. दोन दिवस गावानं कोरड्या घशानं वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी सगळेच बन्सीच्या डेऱ्यातून प्यायला लागले. कुणी ठराव मांडला नाही, कुणी अनुमोदन दिलं नाही. संस्थेच्या कागदात त्याची नोंद नाही, ती मी करायला हवी होती.

तर तुळजाबाई. तिशी ओलांडलेली, अंगानं काटक, माहेर धर्मापुरीचं. सभासदांत वाचता येणारी ती एकटी, चौथी पास. बन्सीला सही यायची, पण तो सही काढायला बसला की बाकीच्यांनी तेवढ्यात चहा पिऊन यावं. शिवाय तुळजाबाईचा आवाज. गावात कुणाची म्हैस घाटात चुकली तर लोक म्हैस शोधायला जात नसत, तुळजाबाईला घेऊन टेकडीवर जात. अशा बाईला खडी फोडायला बसवणं म्हणजे गुन्हाच. म्हणून मी तिला हजेरीवर घेतलं.

हजेरीचं काम दिवसातून दोनदा. सकाळी कामावर आल्यावर एकदा, आणि दुपारी सुरुंग उडवायच्या आधी एकदा. दुपारची हजेरी महत्त्वाची. सगळ्यांनी खाणीतून वर यायचं, लिंबाखाली थांबायचं. तुळजाबाईनं मस्टर बघून एकेकाचं नाव पुकारायचं. ज्यानं त्यानं "हाय" म्हणायचं. सगळी नावं झाली की मगच बन्सीनं खाली वाती पेटवायच्या. परवान्याच्या कागदावर तशी अटच होती, आणि कागदावरची अट म्हणजे माझा जीव की प्राण.

पहिल्याच दिवशी बाईनं आठपर्यंत नावं खणखणीत घेतली आणि एकदम दहावर गेली. मी मस्टर पाहिलं. नऊ नंबर राधाकिशन. नाव पुकारलं नाही, उत्तर आलं नाही, मी गैरहजर लिहिलं. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी राधाकिशन स्वतः पत्र्याच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. पहारीनं दगडात भोक पाडावं तर त्यानंच, पण बोलायचं म्हटलं की त्याला एकेक शब्द खणून काढावा लागायचा.

"शेक्रेटरी," तो म्हणाला, "मी येतोय की वो."

मी तुळजाबाईला बोलावलं. "नऊ नंबरचं नाव का घेत नाही तुम्ही?"

"ते नऊ नंबर आमच्या घरात ऱ्हातेत," ती म्हणाली.

आता मला हे माहीत नव्हतं का? माझ्या आईनं जन्मात कधी माझ्या वडिलांचं नाव घेतलं नाही. पण आई काही सहकारी संस्थेच्या मस्टरवर नव्हती. मी म्हटलं, उखाण्यात घ्या. बायका घेतातच की. त्यावर तिची मैत्रीण सरूबाई, जी खाणीत दगड कमी फोडायची आणि लोकांना पोट धरून हसवायची जास्त, ती दारातूनच म्हणाली, "घे की तुळजे. सकाळच्या पारी एक, दुपारच्याला एक. समद्या खाणीला बाजरीची भाकर अन् उखाण्याचं कोरड्यास."

"लग्नात बी घेतलं न्हाई म्या," तुळजाबाई म्हणाली. "माझ्या वतीनं मावशीनं घेतलं. मंग आता दगडात कावून घीऊ?"

मी चिडलो. माझा स्वभाव तसा तेव्हाही चांगला नव्हता. मी तिला लेखी दिलं: एक तारखेपासून सर्व नावं पुकारावीत, अन्यथा हजेरीवरून कमी करून पुन्हा खडी फोडण्यास बसवण्यात येईल. खाली सही, शिक्का. तिनं कागद दोनदा वाचला, घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवला आणि हातोडी उचलून खडीच्या ढिगाकडं निघाली. एक तारखेची वाटही पाहिली नाही.

तेव्हा सरूबाई माझ्याकडं आली, आणि त्या दिवशी ती हसत नव्हती. तिनं सांगितलं ते असं. तुळजाबाईची थोरली बहीण रागाच्या भरात, भांडणात, नवऱ्याचं नाव घेऊन बोलली होती. महिन्याच्या आत त्याला पान लागलं. पान लागलं म्हणजे साप चावला. बहीण अजून धर्मापुरीला कपाळ मोकळं घेऊन बसली आहे आणि पाहुणा आला की सांगते, म्या त्येन्ला नावानं मारलं. तुळजाबाई तेव्हा बारा वर्षांची होती. तिनं ते सगळं डोळ्यांनी पाहिलेलं.

"तिला ठावं हाय," सरूबाई म्हणाली, "तिनं नाव घेतलं की राधाकिशन जाणार. तुमी हासा, कायबी करा. तिला ठावं हाय."

मी हसलो नाही, पण मला पटलंही नाही. साप काय हाक ऐकून येतो का? तसं मी बोललोही. मग मी विठ्ठलरावांकडं गेलो, म्हटलं निकाल द्या. विठ्ठलराव लिंबाखाली बाजेवर बसले होते. लिंबाला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता, सुट्टी झाली की तो वाजवायचा. त्यांनी त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "एवढं काय त्यात? बाकीच्यांचं नाव घ्या म्हणावं, अन् राधाकिशनच्या नावाला ह्याच्यावर एक ठोका टाका."

बैठक झाली. ठराव क्रमांक सात माझ्याच अक्षरात आहे: अनुक्रमांक एक्केचाळीस यांचे नाव न पुकारता लोखंडी रुळावर एक ठोका देण्यात यावा, व सदर ठोका हेच त्यांचे नाव समजण्यात यावे. सूचक बन्सी, अनुमोदक सरूबाई. माझा विरोध होता, पण सेक्रेटरीला मत नसतं. नऊचा नंबर एक्केचाळीस कसा झाला, तर मीच तो शेवटी नेला. मध्येच ठोका पडून हजेरी अडखळायला नको, एवढाच विचार होता.

तुळजाबाई पुन्हा मस्टर घेऊन उभी राहिली. चाळीस नावं, चाळीस "हाय", आणि मग ठण्ण. राधाकिशन मान खाली घालून म्हणायचा, "हाय."

आता असली गोष्ट दगड फोडणाऱ्या माणसांच्या हाती लागल्यावर काय व्हायचं? दिवसभर ऊन, तोंडात धूळ, घरी रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी. हसायला दुसरं काही नव्हतंच. चार दिवसांत राधाकिशनचं नाव ठण्णराव पडलं. आठ दिवसांत ठोका पडला की त्याच्या आधी बन्सी "हाय" म्हणायला लागला. पंधरा दिवसांनी सगळी खाणच. ठण्ण वाजलं की चाळीस नवरे एकदम "हाय" म्हणून ओरडायचे, त्यात निम्म्या बायका. तुळजाबाई मस्टर तोंडापुढं धरायची. रागावली आहे असं दाखवायला धरायची, पण मस्टरच्या मागं ती हसत असायची, हे मी कडेनं पाहिलेलं आहे.

राधाकिशनला काही वाटायचं नाही. तो जरासा हसायचा आणि पहार उचलायचा. होळीच्या दिवशी तर बन्सीनं हद्द केली. राधाकिशन खाली एकटाच भोक पाडत होता, तेव्हा वरून सगळ्यांनी बोंब ठोकली, "ठण्णराव पळ बे, वात पेटली!" राधाकिशन पहार टाकून असा पळाला की त्याचं धोतर एका दगडाला राहिलं. खाणीत बारूदच भरलेली नव्हती. पुढं दोन दिवस लोक आठवून आठवून हसले. मीही हसलो. सेक्रेटरीनं हसावं की नाही याचा कुठं नियम नव्हता.

नियमात दुसरं एक होतं. एक्केचाळीस नावं झाली की तुळजाबाईनं "समदे हाईत" असं ओरडायचं, आणि ते ऐकून बन्सीनं वाती पेटवायच्या. ठोक्याची गंमत सुरू झाल्यापासून ते राहूनच गेलं. ठण्ण झालं, सगळे "हाय" म्हणून ओरडले, की हजेरी संपली हे बन्सीला खाली कळायचं. त्याची बिडी तयारच असायची. नियम मी लिहिला होता आणि तो सुटलेला मलाच दिसत होता. मी काही बोललो नाही. मला वाटलं, कामं सुरळीत चाललीत, कशाला मधे पाय घाला.

वैशाख होता. खाण कोयत्यासारखी वाकडी: आतली जुनी खाण वळणापलीकडं, अलीकडं नवी. वर यायचा उतार एकच, तो नव्या खाणीतून. डेरा जुन्या खाणीत, कपारीच्या सावलीत ठेवायचो, म्हणजे पाणी गार राहायचं. हादऱ्यानं डेरा तडकला तर पाणी जायला नको, म्हणून सुरुंगाच्या आधी तो रिकामा करून पाणी घागरींतून वर आणायचं काम सरूबाईचं. त्या दिवशी ती कुणाच्या तरी लग्नातली गंमत सांगत सांगत वर आली आणि डेरा विसरली. टँकर आदल्या दिवशी आला होता. डेरा काठोकाठ भरलेला.

राधाकिशनच्या ते ध्यानात आलं. त्यानं कुणाला सांगितलं नाही, कारण सांगायचं म्हणजे बोलावं लागतं. बन्सी पाठमोरा वाकून भोकं ठासत होता. राधाकिशन त्याच्या मागून जुन्या खाणीत गेला आणि तांब्यानं डेऱ्यातलं पाणी घागरीत काढायला लागला. एक थेंब सांडू न देता काढायचं म्हणजे वेळ लागतोच.

वर लिंबाखाली हजेरी चालू झाली. एकेक नाव, एकेक "हाय". चाळीस झाली. तुळजाबाईनं रुळावर ठोका टाकला. सगळे ओरडले, "हाय." त्या दिवशी मीसुद्धा ओरडलो. चार महिन्यांत पहिल्यांदाच, का कोण जाणे. विठ्ठलराव बाजेवर हसले. खाली बन्सीनं चार वातींना बिडी लावली आणि सावकाश उतार चढून वर आला.

तुळजाबाई हसत नव्हती. तिनं मस्टर खाली केलं आणि म्हणाली, "ह्यांचा आवाज खालून आला."

"चल गं," सरूबाई म्हणाली. "एवढ्या कालव्यात?"

चाळीस माणसांच्या ओरड्यात एका माणसाचा आवाज, तोही कुठून आला हे. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी लेखी मागितलं असतं. पण तिनं मान वळवून सगळ्यांची तोंडं एकदा पाहिली आणि मस्टर टाकून खाणीच्या कडेला गेली. मग आम्हीही तोंडं पाहिली. राधाकिशन नव्हता.

"बन्सी," मी म्हणालो, "वाती?"

"पेटल्या की," बन्सी म्हणाला, आणि त्याचं तोंड राखेसारखं झालं. वाती चार मिनिटांच्या. त्यातलं निम्मं त्यानं उतार चढण्यात घालवलेलं.

आणि तेवढ्यात तो दिसला. वळणावरून, खांद्यावर घागर, दुसऱ्या हातात तांब्या, नजर पायांकडं. एकेक पाऊल जपून टाकत सरळ सुरुंगांच्या दिशेनं येत होता. दुपारच्या उन्हात वातीचा धूर काही दिसत नाही. तो जिथं होता तिथंच वळणामागं थांबला असता तर त्याला काही होत नव्हतं. पण तो चालत येत होता.

आम्ही सगळे ओरडलो. "राधाकिशन पळ! ठण्णराव, मागं हो, वात पेटली!" चाळीस माणसं, जीव तोडून. त्यानं वर पाहिलं. आम्हाला पाहिलं. आणि तो हसला. तांब्याचा हात वर करून आम्हाला दाखवला, म्हणजे चालू द्या तुमचं, आणि पुन्हा पायांकडं बघत चालायला लागला. होळीला एकदा फसला होता, आता दुसऱ्यांदा धोतर सोडायचा त्याचा विचार नव्हता.

त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगतो. मला वाटलं, या माणसाला आपण मारलं. सुरुंगानं नाही, हसून हसून मारलं.

तुळजाबाई ओरडली, "अवो, मागं जावा!" पण खाणीवर बारा जोडपी होती आणि बाराही बायका नवऱ्याला अवोच म्हणायच्या. शिवाय सरूबाई तिच्या आवाजाची नक्कल करून त्याला रोज अवो करायची. त्यानं वरही पाहिलं नाही.

मग तिनं दोन्ही हात कमरेवर घट्ट दाबले आणि ओरडली.

"राधाकिशन! मागं फिरा!"

घाटात चुकलेली म्हैस ज्या आवाजानं परत यायची तो आवाज. खाली राधाकिशन थांबला. त्यानं वर पाहिलं, आमच्याकडं नाही, तिच्याकडं. घागर खांद्यावरून सुटली, फुटली, पाणी दगडावर पसरलं, त्याकडं त्यानं बघितलंही नाही. तो वळला आणि वळणापलीकडं पळाला. दहा आकडे मोजायला लागतात एवढाही वेळ गेला नाही. चारही सुरुंग लागोपाठ उडाले.

धूळ बसायच्या आधीच आम्ही उतारावरून धावलो. जुन्या खाणीत, डेऱ्याला टेकून राधाकिशन बसला होता. अंगभर पांढरी धूळ, कानाला एक चीर, रक्ताचा एक ओघळ. डेराही शाबूत होता. बन्सी त्याच्यापुढं गुडघ्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

"कुणी हाक मारली?" राधाकिशननं विचारलं.

"तुझ्या बायकोनं बे," बन्सी रडत रडत म्हणाला.

राधाकिशननं तळहातानं कानावरचं रक्त पुसलं. मग माझ्याकडं पाहून हळूच म्हणाला, "मला वाटलंच. ती उगं नाव घीनार न्हाई. कायतरी झालं आसंल म्हणलं."

मी सेक्रेटरी, मला तेव्हाही राहवलं नाही. मी विचारलं, खाली होतास तर हजेरीला हाय कशाला म्हणालास? तो म्हणाला, "हजेरी इचारली. मी हजर हुतो. बन्सी खालीच हुता, वाटलं त्यो ऐकून थांबंल." मी नंतर नियम काढून पाहिला. सगळ्यांनी वर यावं आणि प्रत्येकानं उत्तर द्यावं असं लिहिलं होतं. कुठं उभं राहून द्यावं, हे लिहायचं माझं राहून गेलं होतं.

तुळजाबाई खाली आलीच नाही. ती कडेवरच बसून होती, दोन्ही हात तोंडावर. तो जिवंत आहे हे तिला वर कळलं होतं, पण तिच्या तोंडावर आनंदाचा लवलेश नव्हता. सरूबाईनं तिला जवळ घेतलं तर तिला म्हणाली, "म्या नाव घेतलं गं." एवढंच, पुन्हा पुन्हा.

पुढचा महिना राधाकिशननं जावयासारखा काढला. त्यानं घालायच्या आधी वहाणा झटकून ती बघायची, अंथरूण उलटून बघायची, गवताच्या गंजीत हात घालू द्यायची नाही. सोमवार, गुरुवार, शनिवार उपास. आम्ही म्हणायचो, दुष्काळात उपास करायला वेगळी तिथी कशाला लागते? पण आमच्या थट्टेत पहिल्यासारखा जोर नव्हता. ठण्णराव हे नाव त्या दिवसानंतर कुणाच्या तोंडी आलं नाही. हजेरीची पद्धत मी बदलली. राधाकिशननं तिच्या समोर येऊन उभं राहायचं, तिनं त्याला डोळ्यांनी पाहायचं, मग एक नंबरपासून सुरुवात करायची. या वेळी कागद लिहिताना मी तिला विचारून लिहिला.

महिना गेला. साप आला नाही. वर्ष गेलं. तुळजाबाई म्हणाली, लगेच होतंच असं न्हाई.

संस्था वीसेक वर्षं चालली. मग मोठी यंत्रं आली, पोरं पुण्याला गेली, आणि आमच्या खाणीत आता पावसाळ्यात बगळे बसतात. मी दुसरीकडं नोकरीला लागलो. पण येणं-जाणं राहिलं. जाईन तेव्हा राधाकिशन अंगणात बाजेवर, ती भाकरी थापत. एकदा ती आत गेलेली बघून तो मला म्हणाला, "शेक्रेटरी, तुमी लिवून द्या की तिला. पुन्यांदा एकदा घी म्हणावं. तुमचं ती वाचती." हे तो गमतीनं म्हणत होता असं मला वाटलं. मग त्याच्या तोंडाकडं पाहिलं तर तसं काही नव्हतं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली आणि त्याला आपलं नाव बायकोच्या तोंडून एकदाच ऐकायला मिळालं होतं, तेही मरता मरता. त्याला ते फार आवडलं होतं.

मी तिला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "त्येन्ला मरायची हौस हाय. मला न्हाई."

दोन हजार सोळाचा उन्हाळा पुन्हा तसाच होता. राधाकिशन त्या उन्हाळ्यात गेला, एक्क्याऐंशी वर्षांचा होऊन. कुठलं दुखणं नाही, नुसता विझत गेला. दहाव्याला मी गेलो. माणसं पांगल्यावर तुळजाबाई माझ्याजवळ येऊन बसली. आवाज आता बसला होता. मी आपलं समजूत घालायचं म्हणून म्हणालो, तुळजाबाई, त्या दिवशी तुम्ही नाव घेतलं म्हणून त्रेचाळीस वर्षं मिळाली.

तिनं ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जायच्या दोन दिस आधी मला जवळ बोलावलं. म्हणले, आता तर घी. आता काय ऱ्हायलंय."

तिचं तीच बोलत राहिली.

"मला लई घ्यावंसं वाटलं वो. व्हटापोतर आलतं. पन म्या घेतलं न्हाई. म्हणलं, घेतलं तर आत्ताच जातील." तिनं पदरानं तोंड पुसलं. "न्हाई घेतलं म्हून दोन दिस ऱ्हायले. पुरे दोन दिस."